जुनी पिकअप कोणत्या सालची घ्यावी? विदर्भातील शेतकरी व मालवाहतूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस जिनिंगपर्यंत, संत्रा बाजार समितीपर्यंत, धान गिरणीपर्यंत किंवा किराणा आठवडी बाजारापर्यंत नेण्यासाठी जुनी पिकअप घेऊ इच्छिणारा माणूस किमतीच्याही आधी मॉडेलचे साल विचारतो. पाऊण टन ते दोन टन माल वाहणाऱ्या आणि मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून येथील उत्तरे लिहिली आहेत.

भरवशाचे साल एकच सांगा, असे म्हटले तर?

विदर्भाच्या खेड्यात ज्याची गाडी कधी पांदण रस्त्यावर, कधी डांबरी रस्त्यावर चालणार आहे, त्याने २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तयार झालेल्या बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) गाड्यांपासून शोध सुरू करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याची गाडी रोज हमरस्त्यावर लांब पल्ल्याने धावणार आहे, त्याने २०२२ किंवा त्यानंतरच्या बीएस-६ गाड्या पाहाव्यात. २०१७ च्या पूर्वार्धात आणि २०२० मध्ये नोंदणी झालेली गाडी मात्र कागद नीट वाचल्याशिवाय घेऊ नये.

मालवाहू गाडीचे इंजिन दरवर्षी बदलत नाही. सरकारने प्रदूषणाचे मानक बदलले की कंपनीला इंधनाची प्रणाली, सायलेन्सर, वायरिंग आणि सेन्सर एकदम बदलावे लागतात. अशा बदलाच्या पहिल्या वर्षी कारखान्यातील उणिवा पुरत्या निघालेल्या नसतात, तालुक्याच्या मिस्त्रीचा हात त्या कामावर बसलेला नसतो आणि सुटे भाग नागपूर किंवा अकोल्याहून मागवावे लागतात. दीड-दोन वर्षांत या तिन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात. म्हणून गाडी किती नवी आहे यापेक्षा मानक बदलल्यानंतर किती काळाने ती तयार झाली, हे आधी मोजावे.

ही मानके केव्हा बदलली आणि गाडीत नेमके काय बदलले?

बीएस-३ मानक २०१० मध्ये देशभर आले. त्याच वर्षी तेरा शहरांत बीएस-४ लागू झाले आणि त्या यादीत मुंबई, पुणे व सोलापूर ही महाराष्ट्रातील शहरे होती. विदर्भातील एकही शहर त्यात नव्हते. त्यामुळे २०१४ ची पुण्याची गाडी आणि त्याच सालची यवतमाळची गाडी, दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी त्यांची मानके वेगळी असू शकतात.

संपूर्ण देशात बीएस-४ सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१७ रोजी. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ वाहनांची विक्री व नोंदणी १ एप्रिलपासून बंद केली आणि शिल्लक माल खपवण्यासाठी विक्रेत्यांनी मोठी सवलत देऊन दोन दिवसांत गाड्या काढल्या. आज ‘२०१७ चे मॉडेल’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही गाड्या त्या गर्दीतल्या असून त्यांचे उत्पादन २०१६ मधील असते. तशी गाडी वाईटच असते असे नाही, परंतु तिला २०१७ च्या बीएस-४ गाडीचा भाव देऊ नये.

बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून आणि त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पहिल्या बदलाच्या वेळीच टाळेबंदी आली. मार्चअखेरपर्यंत विकल्या गेलेल्या आणि सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर नोंद झालेल्या, पण नोंदणी राहून गेलेल्या बीएस-४ गाड्यांना न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुभा दिली. २०२० च्या उत्तरार्धात नोंदलेली बीएस-४ गाडी समोर आली, तर तिची विक्रीची पावती मागून घ्यावी.

यांत्रिकदृष्ट्या पाहिले, तर बीएस-३ काळातील बऱ्याच पिकअपमध्ये साधा यांत्रिक पंप होता आणि तो कोणत्याही तालुक्यात दुरुस्त होत असे. बीएस-४ बरोबर कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी) प्रणाली, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आणि सेन्सर सर्रास आले. बीएस-६ मध्ये त्यावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा चढली. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाणही ३५० वरून ५० आणि पुढे १० पीपीएमवर आले. बीएस-४ इंजिनाला आजचे बीएस-६ डिझेल निर्धोकपणे चालते.

गाडीचे खरे साल कोठे पाहावे?

आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. विक्रेता पहिली सांगतो. आपण दुसरी वाचावी. वर्षाअखेरीस तयार झालेली गाडी पुढच्या वर्षी विकली जाणे नेहमीचे आहे, पण दोन तारखांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असेल, तर गाडी एवढा काळ कोठे उभी होती हे विचारावे.

दुसरा पुरावा चेसिसवर कोरलेला सतरा अंकाक्षरांचा क्रमांक होय. बहुतेक कंपन्यांच्या क्रमांकात दहावे अक्षर उत्पादनवर्ष दर्शवते: एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१, एन म्हणजे २०२२ आणि पी म्हणजे २०२३. आय, ओ, क्यू ही अक्षरे अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून वापरली जात नाहीत. क्रमांक आरसीवरून उतरवून न घेता चेसिसवरची माती खरवडून, टॉर्च लावून प्रत्यक्ष वाचावा. कोरलेल्या भागाच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा वेल्डिंग दिसले, तर भाव न विचारता परत यावे.

कोणत्या गाडीची कोणती साले पाहावीत?

महिंद्रा बोलेरो पिकअप विदर्भात सर्वाधिक दिसते आणि तिचे २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ओळखणारा मिस्त्री जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतो. त्यामुळे या गाडीत २०१८-१९ चा बीएस-४ टप्पा आम्हाला सर्वांत निर्धास्त वाटतो. बोलेरो मॅक्स पिकअप ऑगस्ट २०२२ मध्ये आली आणि एप्रिल २०२३ मध्ये तिची श्रेणी वाढली. ती घ्यायची असेल, तर अगदी पहिल्या महिन्यांतील गाडीपेक्षा नंतरची पाहावी.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह आला. एस गोल्ड २०१८ मध्ये आली. हे इंजिन साधे आहे, पण ते बाजारहाट, पाण्याचे कॅन आणि दुकानमाल यांसाठी आहे. छोट्या हत्तीवर विटा किंवा मुरूम वाहिला गेला असेल, तर कोणतेही साल त्याला वाचवू शकत नाही.

अशोक लेलँड दोस्त २०११ पासून आहे आणि तिच्या १४७८ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सुरुवातीपासूनच कॉमन रेल होती. याचा अर्थ २०१७ चा बदल तिच्यासाठी तेवढा मोठा नव्हता. दोस्त घेणाऱ्याने सालापेक्षा इंजेक्टरच्या अवस्थेला अधिक महत्त्व द्यावे. बडा दोस्त सप्टेंबर २०२० मध्ये, थेट बीएस-६ काळात आली.

टाटा योद्धा जानेवारी २०१७ मध्ये आणि इंट्रा मे २०१९ मध्ये आली. इंट्राच्या सुरुवातीच्या बीएस-४ गाड्या जेमतेम दहा-अकरा महिने बनल्या. एवढ्या अल्प काळाच्या मॉडेलचे खास सुटे भाग पुढे दुर्मीळ होण्याची शक्यता असते, म्हणून इंट्रा घ्यायचीच असेल तर २०२१ नंतरची घ्यावी. मारुती सुपर कॅरी २०१६ मध्ये ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आली, परंतु बीएस-६ आल्यावर डिझेल बंद होऊन पेट्रोल व सीएनजीच उरले. तिची डिझेल गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी आधी जवळच्या शहरात तिच्या इंजेक्टरची चौकशी करून यावे.

बीएस-६ गाडी खेड्यात चालत नाही, असे लोक म्हणतात. हे कितपत खरे आहे?

अर्धे खरे आहे. अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरत आली की इंजिन जादा उष्णता निर्माण करून काजळी जाळते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. घरून शेत, शेतातून गोदाम, गोदामातून घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम दरवेळी अर्धवट राहते, जाळी तुंबते, दिवा लागतो, ताकद कमी होते आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गाडी विकायला काढतो. तीच गाडी आर्वीहून नागपूरला रोज माल नेणाऱ्याकडे असेल, तर तिला हा त्रास फारसा होत नाही.

काही गाड्यांमध्ये निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण घालावे लागते. तशी टाकी असेल, तर त्यात पाणी ओतले गेले नाही ना, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घ्यावे. डीपीएफ कापून काढलेली गाडी स्वस्तात मिळते, पण ती बेकायदेशीर आहे आणि पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) वेळी भुर्दंड नव्या मालकालाच बसतो. जाता जाता एक सूचना: काजळी जाळताना सायलेन्सर अतिशय तापतो, म्हणून अशी गाडी वाळलेल्या गवतावर, कडब्याजवळ किंवा कापसाच्या गंजीला लागून उभी करू नये.

साल योग्य आहे. पण गाडी कशी वापरली गेली, हे कसे ओळखावे?

खरी परीक्षा येथे आहे, आणि तिला घाईघाईने दहा मिनिटांत उरकू नये. वाहिलेल्या मालाची खूण गाडीवर राहतेच. कापूस जागा फार घेतो पण वजनाने हलका असतो, त्यामुळे कापसाच्या गाडीला उंच पाइपची जाळी बसवल्याच्या खुणा दिसतात, पाटे (चाकांवर भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मात्र बहुधा शाबूत असतात. मंडप-डेकोरेशनवाल्याची गाडी वर्षातील काही महिनेच जोरात चालते. तशी मिळाली तर अवश्य पाहावी. कोंबड्या वाहणाऱ्या गाडीचा हौदा विष्ठेतील अमोनियाने आतून गंजतो. विटा, रेती, मुरूम आणि लोखंडी सळ्या वाहिलेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत असली, तरी आम्ही ती घेण्याचा सल्ला देत नाही.

गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावे. एक बाजू झुकलेली असेल, किंवा मागच्या पाट्यांत एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा व जाड असेल, तर जादा भार वाहण्यासाठी तो वाढवलेला असतो. मग पोते अंथरून गाडीखाली आडवे व्हावे. केबिनच्या मागे, जेथे केबिन संपून हौदा सुरू होतो, तेथे आणि पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसवर बोट फिरवावे. मूळ चेसिसची कडा एकसारखी लागते. तडा गेल्यावर पट्टी मारून वेल्डिंग केलेले असेल, तर रंगाखालीही बोटाला खडबडीत उंचवटा लागतो. असा उंचवटा लागलेली गाडी कोणत्याही सालची असली तरी नाकारावी, कारण पाटे, क्लच आणि टायर बदलता येतात, चेसिस बदलता येत नाही.

इंजिन थंड असतानाच पाहावे. आपण पोचण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून भपकाऱ्याने धूर येत असेल, तर रिंगा व बोअर झिजलेले आहेत. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी उतरल्याची दाट शंका घ्यावी.

रेडिएटरकडे विदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते. अकोला, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यातच अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने, कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवय असलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षाराचा थर जमतो आणि हेड गॅस्केटपर्यंत प्रकरण जाते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून बोट आत घालावे. कूलंटचा रंग न दिसता तांबूस गढूळ पाणी किंवा पांढरी खर लागली, तर रेडिएटर आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करावा. वणी, घुग्घुस व चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात चाललेल्या गाडीचा एअर फिल्टर आणि त्यामागचा पाइप काढून आत धूळ गेली आहे का, हे पाहावे.

कॉमन रेल गाडीच्या मालकाला डिझेल कोठून भरता, हेही सहज विचारावे. शेतावर कॅन किंवा ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलात पावसाळ्यात पाणी उतरते आणि इंजेक्टर त्यानेच जातात.

मीटरवरील किलोमीटरवर विश्वास ठेवावा का?

एकट्या मीटरवर ठेवू नये, कारण ते मागे फिरवणे अवघड नाही. क्लच पेडलचे रबर, स्टेअरिंगची झीज आणि चालकाच्या आसनाची बसकण मीटरशी जुळते का, ते पाहावे. अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग झाले असेल, तर तेथील नोंदी मालकाला सोबत नेऊन पाहता येतात.

पुरात सापडलेली गाडी कशी टाळावी?

ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा पूर, जुलै २०२२ मधील वर्धा, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील पूर आणि २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात शिरलेले पाणी, या तीन घटना लक्षात ठेवून त्या भागांतील गाडी अधिक बारकाईने तपासावी. डॅशबोर्डखालील वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज, आसनाच्या रुळांत वाळलेला गाळ आणि दिव्यांच्या काचेआड पाण्याची रेघ या खुणा धुऊन सहसा जात नाहीत. काळ्या मातीचा चिखल गाडीखाली असणे मात्र आपल्याकडे दोष मानू नये.

साल एका वर्षाने नवे असेल, तर किती जास्त पैसे द्यावेत?

विम्याच्या ठरलेल्या तक्त्यानुसार गाडीचे मूल्य तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्के, चौथ्याअखेर ४० टक्के आणि पाचव्याअखेर ५० टक्के उतरलेले धरतात. पाच वर्षांनंतर ते विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. पाच वर्षांच्या आतील गाडीत एका वर्षाचा फरक खरोखर पैशांचा आहे. त्यापुढे गाडीची अवस्थाच भाव ठरवते, आणि २०१९ च्या थकलेल्या गाडीपेक्षा २०१८ ची नीट राखलेली गाडी चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. जुनी गाडी स्वस्त घेऊन इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही करावे लागले, तर नाकापेक्षा मोती जड होतो.

गाडीच्या वयानुसार सरकारी खर्च बदलतो का?

बदलतो, आणि साल निवडताना हा हिशेब बहुतेक जण विसरतात. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षे पूर्ण झालेल्या परिवहन वाहनांना पर्यावरण करही लागतो. म्हणजे २०१८ ची गाडी २०२६ मध्ये, २०१९ ची २०२७ मध्ये या टप्प्यावर येते. पासिंगसाठी दरवर्षी दिवे, ब्रेक, रंगकाम आणि मोडलेले दिवस यांचा खर्च होतो, तो किमतीच्या बोलणीत मांडावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवलेली आहे का, हेही पाहावे.

स्वतःच्या शेतीचाच माल नेणार आहे. परमिट आणि वेगळे लायसन्स लागेल का?

भारासह एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. त्यापुढील वजनाच्या गाडीला लागते, म्हणून एकाच नावाच्या दोन पिकअपमध्येही आरसीवरील एकूण वजन वाचावे. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की कायदेशीर भार निघतो. लायसन्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकतो.

छत्तीसगड, तेलंगणा किंवा मध्य प्रदेशातील गाडी स्वस्त मिळते. घ्यावी का?

गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ आणि अमरावतीच्या सीमेवर हा मोह नेहमीचा आहे. मूळ कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नव्या क्रमांकाची नोंदणी या सर्वांचा खर्च व वेळ धरल्यावर फरक उरत असेल, तरच घ्यावी. ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडण्यापूर्वी पूर्ण रक्कम देऊ नये.

हप्ते थकल्याने फायनान्स कंपनीने ओढून आणलेली गाडी कशी असते?

अशा गाड्या बहुधा दोन-तीन वर्षांच्याच असतात आणि साल पाहून मन लगेच भरते. मात्र हप्ते थकत असताना मालकाने ऑइल वेळेवर बदलले असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय यार्डात महिनोन्‌महिने उभी राहून बॅटरी व टायर गेलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी ती चालवून पाहू देत नाहीत. मिस्त्री सोबत नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

गाडी पाहण्यासाठी कोणता काळ चांगला?

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन व कापूस निघू लागतो आणि सर्वांनाच गाडी हवी असते. तेव्हा भावात घासाघीस होत नाही. मे महिन्यात भर दुपारी गाडी चालवून पाहिली, तर इंजिन तापते की नाही हे लपत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काम नसलेले विक्रेतेही भेटतात.

इसार देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

मूळ आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, कर भरल्याची नोंद आणि प्रलंबित ई-चलान, हे सर्व वाहन क्रमांकावरून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर ताडून पाहावे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी घ्यावा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. इसाराची पावती साध्या कागदावर का होईना, पण चेसिस क्रमांक, ठरलेली किंमत आणि आधीची चलाने कोण भरणार हे लिहून, दोघांच्या सहीने करावी. गाडी ताब्यात घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. तोपर्यंत तृतीय पक्षाचे संरक्षण चालू असते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.